धवला अर्ध्यावर सोडायचा नसतो

सुगंधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कानाला हेडफोन लावून एका साबणाच्या जाहिरातीचा आवाज जुळवत बसलो होतो. सुगंधा माझी चुलत बहीण, काकांची मुलगी. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही, म्हणून जिन्यात जाऊन उचलला. "दिनेश, आत्या गेली रं," एवढं बोलली आणि मग झालेलं सांगत गेली. दुपारी जेवून, आपली भांडी घासून पालथी घालून आत्या ओटीवर वाकळ टाकून आडवी झाली होती. चार वाजता काका चहाला हाक मारायला गेले तर उठली नाही. कुशीवर झोपलेली, हात गालाखाली. इतकी निवांत की त्यांनी तीन वेळा हाक मारली म्हणे, चौथ्यांदा हात लावला. पुढे लोक माझं सांत्वन करायला लागले तेव्हा मला थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण दुःख होतं, पण तिच्या जाण्याबद्दल तक्रार अशी काही करता येत नव्हती. पासष्टी ओलांडलेली होती, शेवटचं लग्न तिने आठ दिवसांपूर्वी लावलं होतं आणि गळा अजून शाबूत होता.

हिराआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उंची सव्वातीन फूट. जन्मापासून हातपाय आखूड, डोकं मात्र मोठं आणि आवाज त्याहून मोठा. भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथे काकांच्या घरात ती आयुष्यभर राहिली. तिची ओळख सांगताना मी उंचीपासून सुरुवात केली हे तिला आवडलं नसतं. आसपासच्या दहा-बारा गावांत तिला धवलारीण म्हणून ओळखत.

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागातल्या शेतकरी घरांत लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले गातात. घाणा भरताना, मांडवाला उंबराची फांदी लावताना, हळद लावताना, प्रत्येकाचा धवला वेगळा. तो जी गाते आणि गाता गाता विधी पुढे नेते ती धवलारीण. भटजीही येतात, मंगलाष्टकंही होतात, पण धवलारणीने हळदीचं पहिलं बोट लावल्याशिवाय दुसरं कुणी पुढे सरत नाही. हल्ली हळदीला डीजे असतो आणि त्याच्या भिंती एवढ्या उंच असतात की मांडव बुटका दिसतो. एकदा तिची वेळ झाली तरी डीजेवाला बंद करेना. "अम्मा, बस दो गाना और," म्हणाला. आत्याने त्याला जवळ बोलावलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "बेटा, तेरा गाना कल भी बजेगा. मेरा गाना आज नहीं हुआ तो इन दोनों का लगीन नहीं होगा." त्याने मुकाट्याने वायर काढली. पुढच्या वर्षापासून आपल्या कार्डावर आमच्या गावाजवळच्या कार्यक्रमांसाठी "धवल्याची वेळ सोडून" असं तो हाताने लिहून देत असे.

हे काम तिच्याकडे सहज आलं नव्हतं. तिचं लग्न झालं नाही. आजीने स्थळं शोधलीच नाहीत असं नाही, पण येणारा माणूस दारातून आत पाहायचा आणि पाणी पिऊन जायचा. आत्याचा आवाज मात्र लहानपणीच गावाला कळला होता. तेव्हाची जी म्हातारी धवलारीण होती तिने आत्याला सोबत न्यायला सुरुवात केली. पुढे म्हातारी थकली आणि आपल्या जागी हिराला बसवायचं म्हणू लागली तेव्हा बायकांत कुजबूज झाली. जिच्या स्वतःच्या अंगाला हळद लागली नाही तिने दुसऱ्याला कशी लावायची? म्हातारीने भर मांडवात उत्तर दिलं, "गातो गळा. कुंकू गात न्हाय." हे वाक्य मला आत्याने इतक्या वेळा सांगितलं आहे की ते मीच ऐकल्यासारखं वाटतं. म्हातारीने तिला एक नियमही घालून दिला होता. धवला एकदा सुरू केला की अर्ध्यावर सोडायचा नाही. पाऊस येवो, भांडण होवो, वीज जावो. मध्ये तुटला तर त्या जोडप्याचा विधी अर्धा राहिला असं समजतात आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून गावं लागतं. चाळीस वर्षांत आपला एकही धवला तुटला नाही याचा आत्याला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचा नव्हता.

माझं तिच्याशी जमण्याचं कारण वेगळं. वडील भिवंडीत लूमवर कामाला, आठवडाभर दिवस तर आठवडाभर रात्र अशी शिफ्ट. आईला वाचता येत नव्हतं. आत्यालाही येत नव्हतं, पण तिला पाठ कसं करायचं हे येत होतं. शेकडो ओळी तिच्या डोक्यात होत्या. इतिहासाचं पुस्तक मी मोठ्याने वाचायचो आणि ती म्हणायची, "चाल लाव, मंग राहील." तह आणि लढाया मी धवल्याच्या चालीवर पाठ केल्या आहेत. बारावीनंतर मी भिवंडीतल्या कॉलेजात गेलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. निकालाच्या दिवशी आत्याने मला पाटावर बसवलं, कपाळाला हळद लावली आणि धवला सुरू केला. पदवीचा धवला कुठून असणार? तिने लग्नाचाच घेतला आणि जिथे जिथे नवरी येते तिथे पदवी घातली. पदवी लाजली, पदवी माप ओलांडून घरात आली, पदवीने सासूला नमस्कार केला... आई हसता हसता रडत होती. आज लोक विचारतात की तुम्ही या फिल्मच्या धंद्यात कसे आलात, तेव्हा मी कोर्सचं नाव सांगतो. खरं उत्तर त्या पाटावर आहे.

पदवीनंतर मी एडिटिंग शिकलो आणि मुंबईत रेवतीताईंकडे लागलो. त्या माहितीपट करतात. माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी त्यांनी खुज्या माणसांवर फिल्म करायला घेतली. नाशिकचे एक घड्याळजी ठरले होते, पुण्याच्या एक शिक्षिका ठरल्या होत्या, तिसरं माणूस मिळत नव्हतं. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, माझी आत्या आहे. रेवतीताई चांगल्या बाई आहेत हे आधीच सांगतो. सिनेमात बुटका माणूस दिसला की लोक हसायला तयार होतात, नाहीतर रडायला, याचा त्यांना मनापासून राग होता. त्यांना रोजचं आयुष्य दाखवायचं होतं. त्यांनी आत्याला सगळं नीट समजावलं. खुजेपणा हा शब्द आत्याला नवा होता. "बुटकी बोल बाय, काय व्हत न्हाय," ती म्हणाली. "फकस्त नुसती बुटकी नको बोलू. नुसती कोण नसतंय."

शूटिंग आठ दिवस चाललं. आत्याने ते चांगलंच एन्जॉय केलं. घरातली दिव्यांची बटणं वर होती, ती काठीने दाबायची, ते टिपलं. तिची चूल, तिची पायरी लावलेली मोरी, रेशन दुकानाचा उंच कट्टा टिपला. एसटीची पायरी हा रेवतीताईंना महत्त्वाचा प्रसंग वाटत होता. आमच्या रस्त्यावरचे कंडक्टर आत्याला पाहून खाली उतरत आणि हात देत. पहिल्यांदा तसंच झालं. मग रेवतीताईंनी विचारलं की एकदा हाताशिवाय चढून दाखवाल का. आत्या गुडघा टेकून, दांडा धरून चढली. दोनदा. कंडक्टर बाजूला खिशात हात घालून उभा, आपल्यावर कसलातरी आळ आल्यासारखा. मला ते खटकलं होतं, पण मी नोकर होतो आणि आत्या हसत होती, म्हणून पुढच्या शॉटच्या तयारीला लागलो.

आठव्या दिवशी शेजारच्या गावात हळद होती. नवरीच्या आजीने आत्याच्या शब्दावर कॅमेऱ्याला परवानगी दिली. बायकांच्या घोळक्यात आमच्या मुंबईच्या कॅमेरामनला अवघडल्यासारखं होईल म्हणून कॅमेरा मी घेतला. आत्याने हळदीचा धवला गायला. चौदा मिनिटं. मी तो एका दमात टिपला आणि माझ्या हाताला कंप सुटला नाही याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

मग आम्ही फिल्म कापायला बसलो. फिल्म पंचेचाळीस मिनिटांची, माणसं तीन. एका माणसाच्या वाट्याला पंधरा मिनिटं, त्यातली चौदा एका गाण्याला देता येत नाहीत हे मलाही शिकवलेलं होतं. मी धवला दीड मिनिटावर कापला आणि त्याचा आवाज ओढून खाली एसटीच्या पायरीचा शॉट लावला. वर तिचा आवाज, खाली तिचा गुडघा. रेवतीताईंनी माझी पाठ थोपटली. इथे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. नियम मला माहीत होता. तो मी लहानपणापासून ऐकला होता. पण मला वाटलं, धवला मांडवात पुरा झाला आहे, हा तर नुसता पडदा आहे. शिकलेल्या माणसाला असं वाटू शकतं.

फिल्म पक्की करण्याआधी ज्यांची आहे त्यांना दाखवायची, ही रेवतीताईंची पद्धत. त्याप्रमाणे आम्ही गावी गेलो आणि त्या नवरीच्या घरी, अंगणात टीव्ही मांडून फिल्म लावली. लग्नाला तीन महिने झाले होते. नवरी माहेरी आली होती, सासूही सोबत होती. घड्याळजींच्या भागाला सगळे मन लावून बसले. मग आत्या आली, टाळ्या पडल्या. हळद आली, नवरी लाजली, धवला सुरू झाला, चारपाच बायका टीव्हीबरोबर गुणगुणायला लागल्या... आणि दीड मिनिटाने पडद्यावर एसटी आली, आत्या पायरी चढली आणि धवला मध्येच विरला.

बायका गातच राहिल्या होत्या, त्या एकेक करून थांबल्या. मी आधी समजलो की टीव्ही बिघडला असं त्यांना वाटतंय. नवरीची आजी उठली. माझ्याकडे न पाहता आत्याला म्हणाली, "हिरे, माझ्या नातीचा तुटला." सासूने पदर सावरला आणि नवरीकडे पाहिलं. नवरीचं तोंड उतरलं होतं. मी काहीतरी बोलायला गेलो की हे फक्त एडिटिंग आहे, खरा धवला पूर्ण झालेला आहे, सगळ्यांनी ऐकला आहे. माझं बोलणं कुणाच्या कानात शिरेना. आत्याने मला बंद करायची खूण केली. डीजेवाल्याला करायची तीच. मी टीव्ही बंद केला. तिने नवरीला समोर बसवलं, सासूला नवरीच्या शेजारी बसवलं, घरातून चिमूटभर हळद मागवली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा धवला धरला. पूर्ण चौदा मिनिटं. संपला तेव्हा सासू नवरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि आजी चहाचं पाहायला आत गेली होती. चाळीस वर्षांत आत्याचा पहिला धवला तुटला होता आणि तो मी तोडला होता.

परत येताना आत्या गाडीत मागे माझ्याजवळ बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रेवतीताई पुढून म्हणाल्या की चूक आमची आहे, त्यांना कल्पना नव्हती. आत्या म्हणाली, "तुजी न्हाय बाय. याची हाय. याला ठावं व्हतं." मग तिने आपलं म्हणणं सांगितलं, अगदी शांतपणे. "मना चढताना दाखव, पडताना दाखव, काय बी दाखव. देवानी जे दिलं ते दाखवलं म्हणून मी काय रागावणार न्हाय. पन मी जे शिकले ते अर्धं नको दाखवू. पुरा ठेव, न्हायतर मना काढून टाक. तुजी फिल्म दोन मानसांची कर."

तिला काढणं रेवतीताईंना जमणार नव्हतं आणि पुरा ठेवणंही जमणार नव्हतं. तीन आठवडे त्यांनी काहीच ठरवलं नाही. मी रोज ऑफिसात जायचो, इतर कामं करायचो आणि त्या फाइलला हात लावायचो नाही. ज्या बाईने मला पाटावर बसवलं तिचं नाव माझ्या पहिल्या मोठ्या कामातून गळणार, हे मला दिसत होतं. मग एका सकाळी रेवतीताई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"घरातली बटणं काढ. रेशनचा कट्टा काढ. पायरी काढ. धवला पुरा लाव."

मी विचारलं, "मग ती खुजी आहे हे लोकांना कळणार कसं?"

त्या हसल्या. "दिसतंय की, दिनेश."

आत्याला हे कळवलं तर तिचा नवाच सूर. पायरी का काढली? चांगली चढले होते मी! कंडक्टरने हात दिलेला शॉट होता ना, तो ठेव, त्याच्या बहिणीच्या लग्नाला मीच होते, त्यालाही बरं वाटेल. म्हणून तो ठेवला. फिल्ममध्ये आता आत्या हात धरून एसटीत चढते, खिडकीत बसते, उतरते आणि चौदा मिनिटं गाते. बस्स. घड्याळजींनी ते पाहून आपल्या भागात घड्याळ पूर्ण जुळेपर्यंत कॅमेरा ठेवा असा हट्ट धरला, तेवढा मात्र अर्धाच मान्य झाला.

मुंबईत फिल्म दाखवली तेव्हा आत्या काकांबरोबर आली होती. संपल्यावर तिला पुढे मोठ्या खुर्चीत बसवलं. एका तरुणाने अदबीने विचारलं की उंचीमुळे आयुष्यात काय काय अडचणी आल्या. आत्या म्हणाली, "आता हीच हाय. या खुर्चीत पाय लटकतात, मुंग्या आल्यात. लवकर विचारा." सभागृह हसलं, तीही हसली, पण कुणीतरी धावत जाऊन पायाखाली पुस्तकांचा गठ्ठा आणून ठेवला आणि मग ती अर्धा तास बोलली. गर्दी ओसरल्यावर एक मुलगी जवळ आली. आत्याएवढीच उंच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याला आपल्या डोळ्यांच्या रेषेत दुसऱ्या मोठ्या माणसाचे डोळे आयुष्यात फार वेळा दिसले नसावेत. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलणं होईल. आत्याने विचारलं, "तुजं काम काय?" ती म्हणाली, रक्त तपासते, लॅबमध्ये. "मंग तुजी फिल्म काढतील तवा बाटली पुरी भरंपर्यंत दाखवा बोल," आत्या म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

त्यानंतरची चार वर्षं तिची फार छान गेली. फिल्ममुळे काही बदललं असं नाही. लग्नं होतीच, तिने ती लावली. अकलोलीच्या गरम कुंडावर पाय शेकायला जायची, सोबत सुगंधाला न्यायची आणि कुंडाच्या काठावर बसून तिला एकेक धवला शिकवायची. सुगंधा राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. तिथे काम करतानाही मंत्र म्हटल्यासारखी पुटपुटत असते, म्हणून मैत्रिणी तिला भगत म्हणतात.

आत्या गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात सुगंधाने पहिलं लग्न लावलं. मी सुट्टी काढून गेलो. सुगंधा साडेपाच फुटांची, घरात सगळ्यात उंच. डीजे बंद झाला, ती नवरीजवळ जाऊन उभी राहिली आणि मांडवातल्या सगळ्या बायका खाली बसल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, जिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ती सुद्धा भिंतीला धरून. नवरीची एक मैत्रीण शहरातून आली होती, ती भारी साडी सांभाळत उभीच होती. तिने शेजारणीला विचारलं की खाली का बसायचं? शेजारीण म्हणाली, "धवलारीण गाते तवा बसायचं असतं." का, ते तिने सांगितलं नाही. तिला ठाऊक असेल असंही वाटलं नाही. वय पंचवीसच्या आतबाहेर. आत्याच्या दहा-बारा गावांबाहेरच्या हळदी मी पाहिल्या आहेत, तिथे बायका धवलारणीभोवती उभ्याच असतात.

ते चौदा मिनिटांचं दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. एवढ्या गर्दीत सव्वातीन फुटांच्या आत्याचा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही झाकला जात नाही. मला आजवर वाटायचं की माझा कॅमेरा बरोबर जागी होता.

सुगंधाने हळदीत बोट बुडवलं. त्या मैत्रिणीने साडी गोळा केली आणि बसली. मीही मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसलो. धवला पुरा होईपर्यंत कुणी उठलं नाही.